पॉइंट झिरो फाइव्हची दाढदुखी

दाढ भरून झाली, डॉक्टरांनी दिवा बाजूला सारला आणि तोंडात निळ्या कागदाची पट्टी धरून म्हणाले, ‘‘चाव बघू. टक टक टक. आता जरा डावी-उजवीकडे घास. उंच लागतंय का?’’

या प्रश्नाला आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. ‘‘नाही डॉक्टर, ठीक वाटतंय.’’ अर्धं तोंड बधीर. ओठ दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लोंबतोय. पाऊण तास आ वासून जबडा भरून आलाय, खाली मित्र गाडी चालू ठेवून थांबलाय आणि चारच्या आत जर्नल सबमिट करायचंय. उंच लागतंय की नाही हे कळायला आधी तोंड आपलं वाटायला तर हवं! खरं उत्तर संध्याकाळी मेसमध्ये पहिल्या घासाला मिळतं. बाकीचे दात एकमेकांना भेटायच्या आधीच ती एक दाढ समोरच्या दाढेवर जाऊन आपटते.

मग घरून फोनवर सल्ला येतो, ‘‘नवीन सिमेंट आहे, चावून चावून बसेल.’’ हॉस्टेलवर त्याचीच सुधारित आवृत्ती मिळते. दुसऱ्या बाजूने जेव, एक पेनकिलर घे, परीक्षा झाली की बघू. आता खरंच बसतं का? थोडंफार बसतं. पण जे बसतं ते सिमेंट नसतं. नेमकं काय बसतं आणि त्याचं बिल तोंडातलं कोण भरतं, ते जरा बघू.

निळी लावून बघणे

ही गोष्ट समजायला पिंपरी-चिंचवडच्या मुलामुलींना डेंटल कॉलेजात जायची गरज नाही. घरातले बाबा, काका, मामा यांपैकी कुणी टूलरूममध्ये काम केलं असेल, किंवा तुम्ही स्वतः आयटीआय-डिप्लोमा करून चाकणच्या बसला लटकत असाल, तर मार्किंग ब्ल्यू तुम्हाला माहीत आहे. सरफेस प्लेटला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि जॉब त्यावर घासायचा. जॉबचा जो भाग उंच, तिथेच निळं लागतं. तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. परत निळी, परत घासणं, परत खरवडणं. सपाट पृष्ठभाग असा धीराने ‘काढावा’ लागतो.

डेंटिस्टच्या चिमट्यातली ती निळी पट्टी हेच काम करते. तिला आर्टिक्युलेटिंग पेपर म्हणतात. आपण चावलं की जिथे वरचा आणि खालचा दात भेटतो तिथे ठिपका उमटतो. फिलिंगवर गडद ठिपका आणि शेजारच्या दातांवर काहीच नाही, म्हणजे फिलिंग उंच. तेवढं बरने उतरवायचं, परत कागद, परत टक टक. आणि गंमत म्हणजे दोन दात खरोखर टेकतायत का हे तपासायला डेंटिस्टकडे आणखी एक चंदेरी पट्टी असते, फक्त आठ मायक्रॉन जाडीची. तिचं नाव शिमस्टॉक. मशिनच्या पायाखाली शिम सरकवणाऱ्या कुठल्याही फिटरला हे नाव घरचं वाटेल. दात मिटलेले असताना पट्टी ओढली आणि ती सुटून आली, म्हणजे तिथे दात टेकत नाहीत. अडकली, म्हणजे टेकतात.

फरक आहे तो मापाचा. सुताराचा हिशेब सुतात, फिटरचा मायक्रॉनमध्ये, आणि दाढेचा फिटरच्याही जवळ जाणारा. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. निरोगी माणसाला वरच्या-खालच्या दातांमध्ये वीस-तीस मायक्रॉनची वस्तू आली तरी जाणवते. म्हणजे पॉइंट झिरो टू, पॉइंट झिरो थ्री मिलिमीटर. नेहमीच्या फीलर गेजचं सगळ्यात पातळ पान पॉइंट झिरो फाइव्हच्या आसपास असतं. भातातला बारीक खडा जिभेला सापडायच्या आधी दाताला सापडतो तो यामुळेच.

ही करामत दाताच्या बाहेरच्या कवचाची नाही. इनॅमलमध्ये नस नसते. भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात रुतलेला असतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटरचा तंतूंचा पडदा असतो आणि त्या तंतूंवर दात अक्षरशः टांगलेला असतो. दाब ओळखणाऱ्या नसा या पडद्यात असतात. गाडीला जसं सस्पेन्शन, तसं दाताला हे. फक्त या सस्पेन्शनमध्ये सेन्सरही बसवलेले आहेत.

आता परत त्या खुर्चीवर या. खालचा जबडा बधीर करणारं इंजेक्शन या पडद्याच्या नसाही झोपवतं. तुम्ही जवळजवळ आडवे असता, त्यामुळे खालचा जबडा किंचित मागे गेलेला असतो. स्नायू थकलेले असतात. म्हणजे सगळ्यात बारीक मापाचा गेज आपल्याकडे, आणि नेमक्या इन्स्पेक्शनच्या वेळी तो बंद! त्या अवस्थेत दिलेलं ‘ठीक आहे’ हे रीडिंग कुठल्याही क्वालिटीवाल्याने पास केलं नसतं.

डॉक्टरांना दिसत नाही का मग? ठिपके दिसतात. पण ठिपका मोठा म्हणजे दाब जास्त, असं दरवेळी नसतं. लहानशा ठिपक्यावर सगळा भार असू शकतो आणि मोठा डाग नुसत्या ओल्या कागदाचा असू शकतो. काही क्लिनिकमध्ये टी-स्कॅन नावाचा पातळ सेन्सर असतो, तो कुठे किती दाब पडतो ते स्क्रीनवर रंगांत दाखवतो. सगळीकडे ते मशिन नसतं. म्हणून चांगले डेंटिस्ट पेशंटला उठवून, सरळ बसवून पुन्हा एकदा चावायला लावतात आणि वर सांगतात, ‘‘बधिरपणा उतरल्यावर टोचलं, तर ये परत.’’ हे दुसरं वाक्य आपण ऐकतो आणि जिना उतरता उतरता विसरतो.

काय बसतं?

समजा दाढ पॉइंट वनने उंच राहिली. तोंड मिटताना जो भार दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये वाटला जायचा, तो आधी एकटीवर येतो. तंतूंचा पडदा सुजतो. सूज आली की दात आपल्या खोबणीतून किंचित वर उचलला जातो, म्हणजे आणखी उंच होतो, आणखी मार खातो. दोन-तीन दिवसांत ‘चावलं की कळ, नाही चावलं की काही नाही’ अशी दाढ तयार होते. थंड पाणीही झणझणायला लागतं.

यापुढे जबडा हुशारी करतो. दुखणारा बिंदू टाळून तो थोडा बाजूला सरकून मिटायला लागतो. आपल्याला पत्ताही नसतो. एकाच बाजूने जेवण, दुसऱ्या बाजूच्या स्नायूंवर ताण, संध्याकाळी कानाच्या पुढे किंवा कानशिलापाशी ठणका. या वयात अक्कलदाढाही वर येत असतात, त्यामुळे सगळा संशय त्यांच्यावर. काहीजण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतात.

आणि सिमेंट? आजकाल बहुतेक ठिकाणी दातांच्या रंगाचं कॉम्पोझिट भरतात. निळा दिवा दाखवला की ते कडक होतं, आणि एकदा कडक झालं की चावून चपटं होत नाही. (तो निळा प्रकाश आतवर फारसा जात नाही, म्हणून खोल खड्डा एका दमात न भरता दोन-दोन मिलिमीटरचे थर देतात. डॉक्टर पुन्हा पुन्हा दिवा का दाखवतायत, याचं हे उत्तर.) जुन्या पिढीच्या दाढेत जी ‘चांदी’ असते ती वेगळी. तिच्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो आणि भरल्यानंतर पहिले काही तास ती कच्ची असते. ‘आज या बाजूने खाऊ नका’ हा नियम तिच्यासाठी होता. घरच्यांचा ‘बसेल’ हा सल्लाही बहुधा त्याच काळातला.

कॉम्पोझिटच्या बाबतीत जे बसतं ते आजूबाजूचं. दात खोबणीत थोडा दबतो, शेजारचे किंचित सरकतात, समोरच्या दाढेचा तो कोपरा झिजतो, जबडा नवीन वाट शिकतो. फरक अगदी बारीक असेल तर आठवड्याभरात हे सगळं जुळून येतं आणि तुम्ही विसरून जाता. अनेकांचं असंच होतं, हेही खरं. पण फरक मोठा असेल तर सगळ्यात अशक्त भाग आधी मान टाकतो. कधी फिलिंगचा टवका उडतो. कधी फिलिंग शाबूत राहतं आणि दाढेची उरलेली पातळ भिंत तडकते. तडकलेल्या दाढेची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चावताना दुखतंच, पण दाब सोडताना जी चमक निघते ती जास्त तीव्र असते. रूट कॅनल झालेली, अजून कॅप न बसवलेली दाढ या बाबतीत सगळ्यात नाजूक. कॅपचे पैसे पुढच्या स्टायपेंडवर ढकलणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

उंच दाढ निदान ओरडते तरी. बुटकी दाढ गप्प असते. फिलिंग जास्तच उतरवलं गेलं, किंवा झिजून खाली गेलं, तर ती समोरच्या दाताला टेकतच नाही. दुखत नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण समोर टेकायला काही नसलं की दात जागचा हलतो. वरचा असेल तर खाली उतरत येतो, खालचा असेल तर वर येतो. काही महिन्यांत, कधी काही वर्षांत. दाढ काढून टाकून जागा रिकामी ठेवली तर हेच ठळकपणे घडतं. समोरची उतरते, शेजारची त्या खिंडारात कलंडते, आणि चार वर्षांनी नोकरी लागल्यावर तिथे दात बसवायला गेलं की कळतं, जागाच उरलेली नाही.

तिसरा प्रकार बाजूचा. दोन दाढांच्या मधल्या भिंतीत फिलिंग असेल तर ती भिंत शेजारच्या दाढेला घट्ट टेकायला हवी. सैल राहिली की मेथी, कोथिंबीर, मटणाचा धागा रोज तिथेच अडकणार. जेवणानंतर पाच मिनिटं टूथपिक घेऊन बसणारे काका आठवा. टूथपिकने फट बंद होत नाही. हिरडी दुखावते आणि फटीत नवी कीड तयार होते. हे सांगायला लाजू नका. ‘रोज एकाच ठिकाणी अडकतं’ ही डेंटिस्टच्या दृष्टीने अगदी उपयोगाची माहिती आहे.

झीज

दात झिजणं हा काही आजच्या पिढीचा शोध नाही. चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकरी वस्ती सापडली. तिथल्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. जुन्या माणसांच्या दातांत संशोधकांना एवढा रस का? कारण दातांवर माणसाच्या जेवणाची नोंद राहते. दगडावर दळलेल्या पिठात दगडाची कच येते, ती दातांना घासते. जात्यावरची भाकरी चवीला कितीही भारी असली तरी दातांसाठी तो बारीक पॉलिश पेपर होता.

थोडी झीज म्हणजे आजार नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी १९८९ मध्ये मोजून दाखवलं की इनॅमलवर इनॅमल घासून दाढा वर्षाला साधारण २९ मायक्रॉन झिजतात आणि त्यांच्या पुढच्या उपदाढा १५. दाढेच्या टोकावर इनॅमल दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं. या वेगाने आयुष्य निघतं. अडचण होते ती एकाच ठिकाणी, वेगाने झीज व्हायला लागली की. कारण इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. गेलं ते परत येत नाही.

इथे फिलिंगचा मटेरिअल म्हणून विचार करावा लागतो. लहान मुलांच्या दातांत आणि तपासणी शिबिरांत बऱ्याचदा वापरतात ते ग्लास आयनोमर दातापेक्षा लवकर झिजतं. दातांना फ्लोराइड देतं, चिकटतं छान, पण मोठ्या दाढेच्या चावायच्या भागावर वर्षानुवर्षं टिकायला ते कमी पडतं. शाळेत असताना शिबिरात भरलेली दाढ आता विशीत खोलगट झाली असेल तर डॉक्टरांचा दोष शोधत बसू नका, ती बदलायची वेळ झालीय. १९७०-८० च्या दशकांतली कॉम्पोझिटंही दाढांवर फार झिजायची. आताची खूप सुधारली आहेत.

उलटी बाजू कॅपची. सिरॅमिक कडक असतं, आणि समोरच्या नैसर्गिक दाताला ते खाऊन टाकेल का, हे त्याच्या कडकपणापेक्षा त्याच्या फिनिशवर जास्त अवलंबून असतं. झिर्कोनियाचं नाव ऐकून लोक घाबरतात, पण आरशासारखं पॉलिश केलेलं झिर्कोनिया समोरच्या दाताशी बरंच सभ्यपणे वागतं. तीच कॅप तोंडात उंच लागली, डॉक्टरांनी बरने घासून उतरवली आणि पॉलिश न करता सोडली, तर तोंडात ग्राइंडिंग व्हील बसवल्यासारखं झालं. रात्रंदिवस समोरची दाढ त्यावर घासणार. चाकणमध्ये सरफेस फिनिशसाठी जॉब रिजेक्ट होतात, आपण मात्र हा प्रश्न कधी विचारत नाही. विचारायला हरकत नाही, ‘‘डॉक्टर, घासलंत तिथे पॉलिश करणार ना?’’ जिभेने स्वतः तपासता येतं. जीभ फिरवल्यावर खरखर लागली तर काम अजून संपलेलं नाही.

फिलिंगच्या डोक्यावर फोडू नये अशीही बरीच झीज आपल्या भागात होते. दिवसा कॉलेज, रात्री शिफ्ट करणाऱ्यांच्या बॅगेत एनर्जी ड्रिंकचा कॅन हमखास सापडतो. इनॅमल साधारण साडेपाचच्या खालच्या पीएचला विरघळायला लागतं, कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो. शिफ्टभर एक-एक घोट घेत बाटली पुरवली तर दातांना सुटकाच नाही. मजेदार गोष्ट अशी की इनॅमल विरघळतं पण कॉम्पोझिट विरघळत नाही. मग काही वर्षांनी दात खाली जातो आणि फिलिंग बेटासारखं वर उभं राहतं. फिलिंग उंच झालेलं नसतं, दात बुटका झालेला असतो. असं आंबट पिऊन लगेच ब्रश करू नका, मऊ झालेला थर ब्रशबरोबर जातो. पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश.

सुपारी हा दुसरा गडी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवरच्या सुपारीला तोटा नाही. सुपारीच्या बाकीच्या धोक्यांवर स्वतंत्र पान लिहावं लागेल. इथे एवढंच, की दिवसभर गालात ठेवून कुरतडलेली सुपारी दाढांची टोकं सपाट करते आणि फिलिंगच्या कडा फोडते. आजीची मिश्री दाताच्या बाजूने तेच काम करायची. आणि भोसरी एमआयडीसीतल्या प्लेटिंगच्या लहान युनिटांत, जिथे ॲसिडच्या टाक्यांवर वाफ असते, तिथे काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. ॲसिडच्या वाफेने पुढच्या दातांच्या कडा पातळ होत जाणं ही जुनी, वैद्यकीय पुस्तकांत नोंदलेली गोष्ट आहे. मास्क फक्त फुप्फुसांसाठी नसतो.

सगळं खापर बाइटवर नको

इतकं वाचून कुणाला वाटेल, माझी डोकेदुखी, मानदुखी, झोपेत दात खाणं हे सगळं त्या एका फिलिंगमुळेच. जरा थांबा. झोपेत दात खाणं, म्हणजे ब्रुक्सिझम, याचं मूळ दातांच्या जुळणीत नसून मेंदूत आहे, असं गेल्या पंचवीसेक वर्षांचं संशोधन सांगतं. ताण, कॅफिन, तंबाखू, दारू, अपुरी झोप, काही औषधं. सबमिशनच्या आठवड्यात सकाळी जबडा आखडलेला असेल तर आधी झोपेचे तास मोजा. दात खाणाऱ्याच्या तोंडात उंच फिलिंग लवकर तुटेल, हे बरोबर. पण फिलिंग उंच असल्यामुळे तो दात खायला लागला, हे सिद्ध झालेलं नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. परवा भरलेलं फिलिंग उंच लागतंय, तर ते उतरवून घ्यायचंच. ते कृत्रिम आहे, पाच मिनिटांचं काम आहे, बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही. पण जबडा दुखतो म्हणून कुणी ‘तुमचा बाइटच चुकीचा आहे, सगळे दात थोडे थोडे घासून बॅलन्स करू’ असं म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. नैसर्गिक दात घासल्याने जबड्याचं दुखणं बरं होतं किंवा टळतं, याला कोक्रेनच्या २००३ च्या आढाव्यात पुरावा सापडला नव्हता. आणि घासलेलं इनॅमल परत भरून येत नाही. दात खाण्यावर नाइट गार्ड हा त्यापेक्षा सौम्य उपाय. तो काढून ठेवता येतो.

दिवसाही लक्ष द्या. कोडिंग करताना, ड्रॉइंग काढताना, गेम खेळताना दात आवळलेले असतात का? आरामात असताना वरचे-खालचे दात टेकलेले नसतात, मध्ये दोन-चार मिलिमीटर जागा असते. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. चोवीस तासांत दात एकमेकांना खरे भेटायला हवेत ते फक्त वीसेक मिनिटं, तेही जेवताना आणि गिळताना.

आणखी एक सवय मोडायला हवी. दाढ दुखली की मेडिकलमधून अँटिबायोटिकचं पाकीट आणायचं. पिंपरीला तर हे कळायलाच हवं. १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आपली ‘एचए’, ही देशातली पहिली सरकारी औषध कंपनी. इथेच पेनिसिलिन बनायला लागलं. पेनिसिलिन जंतू मारतं. पॉइंट वनने उंच असलेल्या दाढेत मारायला जंतूच नसतात. तिथे गोळी काही करत नाही, फक्त पोट बिघडवते. आणि पेनकिलर घेऊन चावत राहणं म्हणजे ऑइल प्रेशरचा दिवा लागला म्हणून त्यावर स्टिकर चिकटवणं.

परत जायचं कधी?

नवीन फिलिंगनंतर थंड-गरम झणझणणं आठवडा-दोन आठवडे राहू शकतं आणि दिवसागणिक कमी होत असेल तर काळजी नको. चावताना ‘आधी हीच लागते’ असं वाटत असेल तर दोन-तीन दिवस पुरे, जास्त वाट बघू नका. न चावताच ठणका, रात्री झोपमोड, गरमाने वाढणारी आणि रेंगाळणारी कळ, किंवा सूज, यात एक दिवसही घालवू नका. ते उंचीचं दुखणं नाही, आतली नस तक्रार करतेय. घरी नेलकटरची कानस घेऊन प्रयोग करायचे नाहीत. हे सांगावं लागतं, कारण लोक करतात.

जायच्या आधी एक-दोन दिवस निरीक्षण ठेवा. दुखतं ते सरळ चावल्यावर की बाजूला घासल्यावर? चावताना की सोडताना? सकाळी की संध्याकाळी? ‘दाढ दुखते’ यापेक्षा ‘उजव्या बाजूला घासलं की मागचा कोपरा आधी लागतो’ या वाक्यावर डॉक्टर थेट त्या कोपऱ्यावर कागद लावतात. खुर्चीत सरळ बसवायला सांगा. बधिरपणा नसताना उत्तर द्या. एकदा उतरवल्यावरही खटकत असेल तर ‘अजून थोडं’ म्हणायला अजिबात संकोच नको. त्यांना तुमचा चेहरा दिसतो, पॉइंट झिरो टू दिसत नाही.

खर्चाची धास्ती असेल तर पिंपरीत संत तुकारामनगरला डॉ. डी. वाय. पाटील डेंटल कॉलेज आणि हॉस्पिटल आहे. अशा शिकवणाऱ्या हॉस्पिटलांत बरंचसं काम विद्यार्थी-डॉक्टर करतात आणि त्यांचे शिक्षक ते तपासतात. त्यामुळे वेळ जास्त जातो, एखाद्या कामासाठी दोन चकराही होतात. पण तुमच्याच वयाचा कुणीतरी निळा कागद धरून विचारतो, मग त्याच्या मॅडम येऊन पुन्हा विचारतात. एका दाढेचं इन्स्पेक्शन दोनदा होतं. जाताना जुना केस पेपर आणि एक्स-रे बरोबर ठेवा, आणि त्या दिवशी सबमिशन ठेवू नका.